परदेशात वीकेंडला हाफ मॅरेथॉन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शुक्रवारी विमान, शनिवारी बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद), रविवारी रेस, आणि त्याच रात्री किंवा सोमवारी परत. बेत ऐकायला सुटसुटीत आहे. अडचण एवढीच की त्यात कुठेही सैल जागा नाही. विमान पाच तास उशिरा पोचलं की एक्स्पो, म्हणजे बिब वाटायचं केंद्र, बंद, एक्स्पो बंद म्हणजे बिब नाही, आणि बिब नसेल तर तुम्ही त्या शहरात नुसते पर्यटक. पळण्याची तयारी सगळेच करतात. गोत्यात आणतात ती भोवतालची कामं.

खालचं सगळं एक गोष्ट गृहीत धरून लिहिलं आहे: १८ किमी तुम्ही घरच्या रस्त्यावर न थांबता पळता. आयुष्यातली पहिलीच हाफ मॅरेथॉन (सुमारे २१.१ किमी) परदेशात करू नका. अनोळखी अंतर आणि अनोळखी शहर एकाच सकाळी अंगावर घ्यायची काही गरज नाही.

१. आधी रेस निवडा, मग शहर

सगळ्यात आधी घड्याळातला फरक बघा. शरीर नव्या वेळेला रुळायला साधारण एका तासाच्या फरकामागे एक दिवस घेतं, असा ढोबळ हिशेब आहे. फरक दोन-तीन तासांचा असेल तर वीकेंड पुरतो. पाच-सहा तासांचा असेल तर निदान बुधवार-गुरुवारी तरी पोचा, नाहीतर वेळेचा नाद सोडून मजेत पळा. पूर्वेकडे जाणं जास्त जड जातं, कारण शरीराला झोप नको असताना झोपावं लागतं. पश्चिमेकडे गेलात तर पहाटे आपोआप जाग येते, आणि रेसच्या दिवशी तेच हवं असतं.

मग मार्गाचा नकाशा. रेस सुरू होते तिथेच संपते का? ग्रेट नॉर्थ रन न्यूकॅसलला सुरू होते आणि साउथ शील्ड्सला समुद्रकाठी संपते. परत येताना हजारो धावपटू एकाच वेळी मेट्रोच्या रांगेत उभे असतात. लिस्बनमध्ये मार्चमध्ये होणारी हाफ मॅरेथॉन '२५ एप्रिल' पुलावरून शहरात येते, म्हणजे सकाळी आधी रेल्वेने नदीपलीकडे जायचं आणि मग पळत परतायचं. अशा रेसमध्ये हॉटेलपासून स्टार्टपर्यंत पोचायलाच दीड-दोन तास धरावे लागतात.

चढ-उताराचा आलेख आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही बघा. बोगोटा सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे. शुक्रवारी उतरून रविवारी तिथे पर्सनल बेस्ट (स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ) काढण्याची स्वप्नं बघू नका, विरळ हवेची सवय दोन दिवसांत होत नाही. उलट व्हॅलेन्सियाची ऑक्टोबरमधली रेस सपाट आणि समुद्रकाठच्या शहरात आहे. चांगली वेळ नोंदवायची असेल तर असला मार्ग शोधा.

कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची मुदत, नीट वाचा. 'अडीच तास' लिहिलेलं असतं, पण ते कुठून मोजतात? काही ठिकाणी शेवटची वेव्ह (एकत्र सोडलेली धावपटूंची तुकडी) सुटल्यापासून मोजतात, काही ठिकाणी पहिली बंदूक वाजल्यापासून. दुसऱ्या प्रकारात मागच्या वेव्हमधल्या माणसाची वीस-पंचवीस मिनिटं उभ्या उभ्याच जातात. मधल्या टप्प्यांनाही, उदाहरणार्थ १० आणि १५ किमीला, वेगळा कट-ऑफ असू शकतो, आणि तो चुकला की मागून येणारी बस तुम्हाला उचलते.

रेस रविवारीच असते असंही समजू नका. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची हाफ मॅरेथॉन मे महिन्यात शनिवारी दुपारी असते. वीकेंडसाठी शनिवारची रेस खरं तर जास्त सोयीची, कारण रविवार मोकळा मिळतो. फक्त गुरुवारी रात्री निघावं लागतं.

२. नोंदणी

मोठ्या शहरांच्या रेस सहा ते दहा महिने आधी भरतात. काहींमध्ये लॉटरी असते. लॉटरीत नाव लागेपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका, हॉटेल मात्र मोफत रद्द करता येणारं बघून ताबडतोब धरून ठेवा. रेसच्या वीकेंडला स्टार्टजवळच्या खोल्या सगळ्यात आधी जातात.

फॉर्म भरताना लोक चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत:

- नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. बिब घेताना तेच ताडून बघतात.
- जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी, ते बघा. ०४/०९ चे दोन अर्थ होतात आणि वयोगट चुकू शकतो.
- अपेक्षित वेळ प्रामाणिकपणे लिहा. त्यावरून वेव्ह ठरते. झेपेल त्यापेक्षा वेगवान लिहिली तर पहिले तीन किमी लोक तुम्हाला मागे टाकत जातात आणि त्या ओढीत पेस (दर किमीला लागणारा वेळ) बिघडतो. स्वतःला कमी लेखून फार हळू लिहिली तर गर्दीतून वाट काढण्यातच जीव जातो.
- क्लब नसेल तर तो रकाना मोकळा सोडा, किंवा 'क्लब नाही' हा पर्याय निवडा.
- पैसे भरताना 'तुमच्या चलनात भरा' असा पर्याय आला तर नाकारा आणि स्थानिक चलनच निवडा. रूपांतराचा दर बहुधा तुमच्या बँकेचाच बरा असतो.

नोंदणी बहुतेक ठिकाणी व्यक्तीच्या नावावर असते आणि पैसे परत मिळत नाहीत. काही आयोजक ठरावीक तारखेपर्यंत नाव बदलू देतात. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. दुसऱ्याचं बिब लावून पळणं हा प्रकार करूच नका. रस्त्यात कोसळलात तर वैद्यकीय पथकासमोर भलत्याच माणसाची माहिती असेल.

३. कागदपत्रं

सगळ्यांना माहीत असलेली कागदपत्रं आधी: परतीच्या तारखेनंतरही पुरेसे महिने वैध असलेला पासपोर्ट (बरेच देश सहा महिने मागतात), लागत असल्यास व्हिसा, नोंदणीची पावती किंवा क्यूआर कोड, प्रवास विमा.

शेंगेन व्हिसा लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यामुळे '१५ दिवस' हा आकडा विसरा आणि तीन महिने आधी कामाला लागा. रेसची पावती अर्जाला जोडा, प्रवासाचं कारण त्याने स्पष्ट होतं. मागितल्यास काही आयोजक निमंत्रणाचं पत्रही देतात.

विम्यात एक खोच असते. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते बऱ्याच पॉलिसी देतात. पण संघटित क्रीडा स्पर्धेत झालेली दुखापत बऱ्याच पॉलिसी वगळतात. 'वगळलेल्या गोष्टी' हे पान उघडा, धावण्याच्या स्पर्धेचा उल्लेख शोधा, शंका असेल तर विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

आता नवख्यांना हमखास अडवणारा कागद, वैद्यकीय दाखला. फ्रान्समध्ये प्रौढ धावपटूंना पीपीएस नावाची ऑनलाइन प्रक्रिया पूर्ण करून तिचा क्रमांक आयोजकांना द्यावा लागतो. घरबसल्या काही मिनिटांत होते, पण तिला मुदत असते, आणि ती रेसच्या दिवसापर्यंत पुरायला हवी. इटलीत प्रकरण जास्त कडक आहे. स्पर्धात्मक गटात पळायचं तर स्पर्धात्मक धावण्यासाठी तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि परदेशी धावपटूंना बहुधा तिथल्या ॲथलेटिक्स महासंघाचं 'रनकार्ड' काढावं लागतं. आयोजकांच्या संकेतस्थळावर दाखल्याचा नमुना असतो. तो छापून डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर 'फिट आहे' एवढंच लिहिलेला कागद चालेलच असं नाही. ईसीजीसारख्या तपासण्या मागितल्या असतील तर त्यांना लागणारा वेळही धरा.

सगळ्याची एकेक छापील प्रत सोबत ठेवा. एक्स्पोच्या दारात मोबाइलचं नेटवर्क नेमकं तेव्हाच रुसतं.

४. विमान आणि मुक्काम

शुक्रवारी दुपारपर्यंत पोचणारं विमान घ्या. शनिवारी दुपारी पोचून संध्याकाळी बिब घेऊ, हा बेत नव्याण्णव वेळा जमतो आणि शंभराव्या वेळी सगळंच जातं. मोठ्या रेसमध्ये रविवारी सकाळी बिब मिळत नाही, हे बहुतेकांना फार उशिरा कळतं. मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या.

परतीचं विमान रेस संपण्याच्या अपेक्षित वेळेनंतर निदान सात-आठ तासांनी. सोमवारी सकाळचं मिळालं तर उत्तम. रस्ते दुपारपर्यंत बंद असतात, विमानतळाच्या बस वळवलेल्या असतात, आणि पाय टॅक्सीमागे धावण्याच्या स्थितीत नसतात.

हॉटेल स्टार्टपासून चालत २०-२५ मिनिटांच्या आत असेल तर अर्धी काळजी मिटते. तसं मिळालं नाही तर मेट्रोच्या थेट मार्गावरचं घ्या. टॅक्सीवर विसंबू नका, कारण मार्गाच्या आतल्या भागात गाडी शिरतच नाही. रविवारी पहिली मेट्रो किती वाजता सुटते तेही तपासा, कित्येक शहरांत ती आठवड्यातल्या इतर दिवसांपेक्षा उशिरा सुटते.

हॉटेलला तीन प्रश्न आधीच लिहून पाठवा. नाश्ता किती वाजता सुरू होतो? दुपारी दोनपर्यंत खोली ठेवता येईल का? नसेल तर अंघोळीची आणि सामान ठेवण्याची सोय आहे का? घामेजल्या अंगाने विमानात बसायची वेळ या तिसऱ्या प्रश्नामुळे टळते.

५. सामान

रेसचं सगळं केबिन बॅगेत. चेक-इन केलेली बॅग दोन दिवस उशिरा आली तर वीकेंड संपलेला असतो. बूट पायातच घालून जा. नवे बूट, नवे मोजे रेससाठी नकोत.

- बूट, दोन जोड मोजे, रेसचे कपडे, टोपी
- बिबसाठी चार सेफ्टी पिना किंवा बिब बेल्ट
- एनर्जी जेल, गरजेपेक्षा एक जास्त
- कातडी घासू नये म्हणून व्हॅसलीन किंवा अँटी-चेफिंग स्टिक, फोडांसाठी पट्ट्या
- घड्याळ आणि त्याचा चार्जर, त्या देशाच्या सॉकेटचा ॲडॅप्टर
- पॉवर बँक (चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच ठेवा)
- जुना स्वेटशर्ट, स्टार्टला टाकून देण्यासाठी
- मोठी प्लॅस्टिकची पिशवी, पावसात अंगावर चढवायला

सुरक्षा तपासणीत जेल हा द्रव समजला जातो. ज्या विमानतळांवर केबिनमधल्या द्रवांना १०० मिलीचा नियम आहे तिथे जेलच्या पुड्याही द्रवांच्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीतच बसवाव्या लागतात, व्हॅसलीन आणि टूथपेस्टसकट. पाच-सहा पुड्या सहज मावतात. इलेक्ट्रोलाइट पावडरऐवजी गोळ्या न्या. सुट्या पिशवीतली पांढरी पावडर कर्मचाऱ्यांना समजावत बसण्यात कुणालाच आनंद नसतो.

६. शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी उतरल्यावर शक्य असेल तर थेट एक्स्पो गाठा. गर्दी कमी असते. बिब, वेळ मोजणारी चिप आणि पिशवी तिथेच उघडून बघा. चिप बिबच्या मागे चिकटवलेली आहे की बुटाला बांधायची आहे? बिबच्या मागे चिप असेल तर ते दुमडू नका. मागच्या बाजूला आपत्कालीन संपर्क, औषधांची ॲलर्जी वगैरे लिहायची जागा असते. ती पेनाने भरा, फोन नंबर देशाच्या कोडसकट.

शनिवारी सकाळी ३-४ किमी हलकं पळा, शेवटी वीस सेकंदांचे चार वेगवान तुकडे. हे स्टार्टच्या परिसरातच करा. कुठल्या स्टेशनातून बाहेर यायचं, बॅग ड्रॉप (सामान जमा करायची जागा) कुठल्या बाजूला, तुमच्या वेव्हचं फाटक कुठे, हे सगळं बघून होतं. घड्याळ उघड्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. हजारो किमी लांब आल्यावर जीपीएसला उपग्रह सापडायला पहिल्या वेळी बराच वेळ लागतो.

आणि मग बसा. शनिवारची सगळ्यात मोठी चूक म्हणजे शहर बघणं. संग्रहालय, किल्ला, जुनी पेठ करता करता वीस हजार पावलं होतात, आणि रविवारी १५ किमीनंतर पोटऱ्या त्याचा जाब विचारतात. आठ हजार पावलांत दिवस आटपा. बोटीची किंवा बसची फेरी घ्या. चढायचे मनोरे रेसनंतरच्या वेळेतही चढू नयेत, पण ते तुम्हाला तेव्हा आपोआप कळेल.

जेवण ओळखीचं आणि साधं, भात, पास्ता, बटाटा, ब्रेड यातलं काहीतरी. स्थानिक खासियत रविवार रात्रीसाठी ठेवा. सकाळच्या खाण्याचं सामान शनिवारीच आणून ठेवा, कारण जर्मनी, ऑस्ट्रियासारख्या देशांत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

रात्री बिब टी-शर्टला लावून, सगळे कपडे खुर्चीवर मांडून ठेवा. दोन गजर लावा. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात असाल तर जास्तच सावध राहा. त्या रात्री घड्याळं एक तास पुढे जातात आणि एक तासाची झोप कापली जाते. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटी घड्याळ किंवा हॉटेलच्या खोलीतलं घड्याळ बदलेलच असं नाही.

७. रेसची सकाळ

पहाटे पाच-साडेपाचला पळायची सवय असलेल्यांना युरोपातली सकाळ चकवते. तिथे कित्येक रेस नऊ-दहाला किंवा त्याहून उशिरा सुटतात. रिकाम्या पोटी पळायची सवय अशा वेळी कामाची नाही, उठल्यापासून स्टार्टपर्यंत चार-पाच तास जातात. खाणं स्टार्टच्या अडीच-तीन तास आधी संपवा, मग थोडं थोडं पाणी, आणि शेवटच्या अर्ध्या तासात हवं तर अर्धं केळं. घरी असतानाच दोन लाँग रन त्याच वेळेला काढून बघितले तर पोटाचं वेळापत्रक कळतं.

कपडे हवेपेक्षा आठ-दहा अंश जास्त तापमान आहे असं समजून घाला. स्टार्टला कुडकुडायला होईल, त्यासाठीच जुना स्वेटशर्ट. फेकलेले कपडे गोळा करून दान करायची व्यवस्था बऱ्याच रेसमध्ये असते.

बॅग ड्रॉप बंद होण्याची वेळ स्टार्टच्या बरीच आधी असते. स्वच्छतागृहाची रांग वीस मिनिटं धरा. टिश्यू स्वतःचे ठेवा.

८. रस्त्यावर

तुमचं घड्याळ २१.०९७५ दाखवणार नाही. मार्ग सगळ्यात आखूड रेषेने मोजतात, वळणांवर कडेपासून जेमतेम ३० सेंटिमीटर आत. तुम्ही गर्दीत बाहेरच्या बाजूने वळता, शिवाय उंच इमारतींत जीपीएस भरकटतं. शेवटी आकडा २१.३ ते २१.५ येतो. दोन तासांत संपवायचं असेल तर कागदावरचा पेस किमीला ५:४१ निघतो. पण घड्याळावर २१.४ किमी भरणार असतील तर त्यावर ५:३६ दिसायला हवा. हे पाच सेकंद न धरल्यामुळे माणसं २:०१:३० ला पोचून चिडचिड करतात. सोपा उपाय: ऑटो लॅप (घड्याळाने दर किमी आपोआप नोंदणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या किमी फलकापाशी स्वतः बटण दाबा.

ब्रिटन-अमेरिकेत फलक बहुधा मैलांचे असतात, एकूण १३.१. किमीला सहा मिनिटांचा पेस म्हणजे मैलाला ९:३९. घड्याळ आधीच मैलांवर नेऊ नका, त्याऐवजी ५, १० आणि १३ मैलांच्या अपेक्षित वेळा मनगटावर पेनाने लिहून ठेवा.

वाहनं उजवीकडून चालतात त्या देशात हळू पळणारे उजवीकडे राहतात आणि पुढे जाणारे डावीकडून जातात. डावीकडून वाहनं चालणाऱ्या देशांची सवय असेल तर पहिले काही किमी मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. प्रागसारख्या शहरात दगडी फरसबंदी आणि ट्रामचे रूळ दोन्ही भेटतात. ओला रूळ काचेसारखा गुळगुळीत असतो. तो तिरपा ओलांडू नका, काटकोनात ओलांडा, आणि पाऊल रुळावर न पडता पलीकडे पडू द्या. फरसबंदीवर पावलं आखूड ठेवा आणि पेस पाच-दहा सेकंदांनी सुटला तरी सुटू द्या.

पाणी साधारण दर ५ किमीला मिळतं, बहुतेकदा उघड्या कपात. पहिल्या टेबलावर झुंबड असते, शेवटच्यांवर नसते, तिथे जा. कप वरून चिमटीत धरून त्याचं तोंड चोचीसारखं करा आणि एका कोपऱ्यातून दोन-तीन घोट घ्या. नाकात पाणी जात नाही. जेल पाण्याच्या जरा आधी फोडा. दोन तासांच्या रेसला ४० आणि ८० मिनिटांना एकेक पुरतं. रस्त्यात वाटलेलं अनोळखी पेय किंवा जेल घेऊ नका.

छातीत दुखलं, चक्कर आली, थंडी भरून आली तर थांबा आणि स्वयंसेवकाला बिब दाखवा. भाषा येत नसली तरी बिब बोलतं. युरोपात आपत्कालीन क्रमांक ११२, अमेरिकेत ९११.

९. रेसनंतर

फिनिशला थांबून राहू नका, चालत राहा. अंग झपाट्याने गार पडतं, म्हणून बॅगेतून कोरडा टी-शर्ट लगेच. सोबतच्यांना भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा, आणि ती फिनिशपासून दोन चौक लांब असू द्या. फिनिशजवळ फोन लागत नाहीत.

अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खा. संध्याकाळी शहर बघा, हळूहळू चालणं पायांना बरंच असतं. त्याच रात्री विमान असेल तर ये-जा करायच्या वाटेलगतची जागा घ्या, तासाला एकदा उठून फेरी मारा, पाणी पीत राहा. रेसनंतर लांब वेळ एका जागी बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज आली तर तो ताण असेल असं धरून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मेडल केबिन बॅगेत चालतं, पण स्कॅनरच्या ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा.

निकालात दोन वेळा दिसतात, बंदुकीपासूनची आणि चिपची. तुमची म्हणून सांगायची ती चिपची. प्रमाणपत्र आठवड्याभरात उतरवून घ्या. पुढच्या वेळी चांगली वेव्ह मागताना मोठ्या रेस मागच्या निकालाचा पुरावा मागतात, आणि जुन्या निकालांच्या लिंक आयोजक कायम ठेवतातच असं नाही.